उरलेलं झाड

बाबांच्या डब्याला वास यायचा.
कोटाला, टोपीला, चर्चमध्ये न्यायच्या पुस्तकालाही:
कुजका कोबी, नासकं अंडं, ओली काडेपेटी.
कुइवालाम्पीत त्याला कुणी नाक मुरडत नसे.
वारा गिरणीकडून फिरला की आई
दोरीवरचे कपडे मुकाट आत घ्यायची
आणि शेजारची अल्मा कुंपणापलीकडून म्हणायची,
पगार आला.

चौतीस वर्षं बाबांनी
तिसऱ्या मजल्यावर काळा द्राव राखला.
पाइन आणि भुर्ज, चिपा होऊन कढईत उतरायचे.
पांढरा धागा एका दाराने बाहेर,
वह्या व्हायला, पाकिटं, कुणाचं तरी राजीनामापत्र.
दुसऱ्या दाराने हे:
काकवीसारखं, तापट, हाताला लागलं तर कातडी सोलणारं.
ते आटवायचं. मग भट्टीत.
त्याच्याच वाफेवर गिरणी चालायची,
जानेवारीत शाळेचे रेडिएटर तापायचे.
वाया काही जात नाही, बाबा सांगायचे.
हिशेबाला पक्के होते.

मी रसायनशास्त्र घेतलं
ते त्यांच्याशी वाद घालायला, असं आई म्हणते.
असेल.
पहिल्याच वर्षी कळलं, त्या काळ्यात लिग्निन असतं.
झाडाला उभं ठेवणारं.
मणभर बर्फ फांद्यांवर घेऊन
झाड मोडत नाही, ते त्याच्या जोरावर.
आणि कागदाला नेमकं तेच नको असतं.
राहिलं चुकून, तर पान पिवळं पडतं.
म्हणजे कणा काढून घेतल्याशिवाय
झाडावर लिहिता येत नाही.
(हे मी परीक्षेत लिहिलं नाही.)

आता गिरणीच्या जुन्या सॉनात माझी प्रयोगशाळा आहे.
बाकांच्या फळ्यांना अजून घामाचे डाग.
द्रावात कार्बन डायऑक्साइड सोडला
की तळाशी साका बसतो, कॉफीच्या चोथ्यासारखा.
धुवायचा, गाळायचा, परत धुवायचा.
मग अल्कली, प्राणवायू, तांब्याचा क्षार, दाब.
किती वेळा फसलं ते वहीत आहे.
वही इथलीच.

एका मंगळवारी पहाटे काचेच्या कडेला सुया धरल्या,
बारीक, पांढऱ्या.
झाकण उघडलं तर व्हॅनिला.
रात्रपाळीचा रेइयो दारातून डोकावला:
कुणाचा वाढदिवस?

बरणी घेऊन बाबांकडे गेले.
त्यांनी झाकण काढलं, नाक लावलं,
बराच वेळ तसेच बसून राहिले.
मग म्हणाले, नाही गं.

अकरा वर्षं त्यांना वासच येत नाही.
मला माहीत नव्हतं.
आईला होतं. दूध नासलं की तीच सांगते.

मी बोलत सुटले.
किती टनांतून किती ग्रॅम,
यातून उद्या डिंक होईल, प्लास्टिकला पर्याय होईल,
आणि हेही, की अजून जवळजवळ सगळं भट्टीतच जातं.
त्यांनी एक सुई जिभेवर ठेवली.
कडू, म्हणाले.

मग खिडकीतून तळ्याकडे बघत:
तुझी आजी धक्क्यावर सतरंज्या घासायची,
तो साबण आठवतो? तपकिरी, मऊ?
याच द्रावावरची साय काढून करतात तो.
तू पहिली नाहीस, विर्वे.
हे त्यांनी मला हिणवायला म्हटलं नव्हतं.
आजीच्या हातांना पाइनचा वास यायचा
आणि तळ्यात फेस तरंगत लांब जायचा,
तेव्हा त्याला कुणी काही म्हणत नसे.

निघताना बरणी त्यांनी मागून घेतली,
जुन्या कोटाच्या खिशात टाकली.
झाकण नीट लावलं नसावं.

सकाळी आईचा फोन:
काय करून ठेवलंस? अख्खं कपाट केकसारखं घमघमतंय.
कोट बाहेर टांगलाय मी.

वारा कुठून आहे, मी विचारलं.

गिरणीकडून, ती म्हणाली.
असू दे.