ओळ देणारा

व्हर्लिनमामा गेला तेव्हा मी डेटनला होतो,
कारखान्यात, रात्रपाळीला.
पाच तास गाडी हाकत केंटकीत पोचलो
तर आर्मिंटामामीने हातात कॅसेट ठेवली.
म्हणाली, तुझ्यावर सोपवून गेलाय. बटण तू दाबायचंस.

आमच्या चर्चमध्ये वाद्य नसतं.
पुस्तक तळहाताएवढं, त्यातही नुसते शब्द.
एक जण उठतो, ओळ भरभर म्हणून टाकतो,
मग सगळे ती सावकाश ओढतात,
विहिरीतून ओला दोर ओढावा तशी.
ज्याचा त्याचा हात वेगळा, दोर एक.
चाळीस वर्षं ती ओळ मामाने दिली.
खाणीची धूळ छातीत दगड होऊन बसली, तरी दिली,
नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं नळकांडं.
ओळी सगळ्या मरणाच्याच:
नदी थंड आहे, पण रुंद नाही.
पैलतीरावर आईने चूल पेटवलीय.
लहानपणी मला वाटे, पैलतीर म्हणजे
ओढ्यापलीकडची आमची मक्याची पट्टी.

डोंगराचा माथा कंपनीने कोळशासाठी कापून नेलाय,
थडग्यांपुरता तुकडा तेवढा ठेवलाय, उंच, एकटा.
पेटी वर न्यायला ट्रक लागला. एवढा चिखल.

मी बटण दाबलं.
मामाचा आवाज. दम लागलेला, ओळ मात्र चोख.
मग त्याने जागा सोडली होती, आमच्यासाठी.
स्वयंपाकघरात बसून, मनातल्या मनात
आम्हा सगळ्यांना गायला लावून मोजलेली जागा.
तिच्यात फ्रिजची घरघर होती.
एक चमचा बशीवर पडला.
कुणी तरी म्हणालं, अहो, पाव करपतोय.
लोक गाऊ लागले आणि ते सगळं झाकलं गेलं.
मामीने तेवढ्यात मान वळवली होती,
पाव खरंच करपत असल्यासारखी.

पण आम्ही संथ. रडणारी माणसं तर आणखी संथ.
आमची ओळ अर्ध्यात असतानाच
मामाने पुढची दिली.
एल्डर बर्चेलनी माझ्याकडे पाहिलं.
गेलेल्या माणसाला एवढी कसली घाई?
बधिर बोटांनी मी टेप थांबवली,
आमचं होऊ दिलं, पुन्हा सोडली.
असं तीनदा.
चौथ्यांदा मामीने माझ्या मनगटावर हात ठेवला.
थांबवू नकोस, म्हणाली.
चालण्यातसुद्धा तो नेहमी चार पावलं पुढेच असायचा.

मग तो पुढे, आम्ही मागे.
एका ओळीने, मग दोन ओळींनी मागे.
त्याच्या खोकल्यावर आमचा सूर,
आमच्या हुंदक्यावर त्याची ओळ,
कुठली कुणाची ते कळेनासं झालं.
खट् करून टेप संपली.
आमच्याकडे त्याच्या दोन ओळी अजून शिल्लक होत्या.
त्या आम्ही ओढत राहिलो.
ट्रकवाला इंजिन बंद करून खाली उतरला,
टोपी काढून चिखलात उभा राहिला.