कल्हई

ऑक्टोबर संपायच्या आत ऑल्स्टनमध्ये काउन्सिलवाले
कोपऱ्याकोपऱ्यावर खारट वाळूच्या पेट्या भरून ठेवतात.
तेव्हा मीही लँडरोव्हरचं बॉनेट उघडते.
एकोणीसशे त्र्याऐंशीची. माझ्याहून सात वर्षांनी लहान,
पण गुडघे माझ्यापेक्षा जास्त वाजतात.

दुकानात तीन कॅन होते. निळा, हिरवा, नारिंगी.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, नारिंगी न्या,
पाच वर्षं झाकण उघडायला नको.
मी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते,
एकदा घ्या आणि विसरा म्हणणाऱ्यावर
माझा आधीपासून विश्वास नाही.
गाडी किती सालची, हे त्याने विचारलंच नाही.
मी वय न विचारता गोळी देते का?

म्हणून विल्फ नॅट्रसकडे गेले.
ऐंशी ओलांडलेला, शेडमध्ये तीन इंजिनं उघडी,
रेडिओवर मेंढ्यांचे भाव.
रंगावर जाऊ नकोस, म्हणाला,
रंग ज्या त्या कंपनीच्या मर्जीचा. कॅनची पाठ वाच.
तुझा रेडिएटर पितळी, सांधे शिशाच्या डागाचे,
नव्या इंजिनाचं रसायन त्यांना हळूहळू चाटत बसेल.
जुन्या पद्धतीचं घे, सिलिकेटवालं.
ते आतून पातळ थर धरतं.
दोन वर्षांत थर झिजतो.
मग काढायचं, धुवायचं, पुन्हा भरायचं.

मी म्हणाले, कल्हई.
तो म्हणाला, काय?

मग शेडच्या दारात उभी राहून हातवारे करत सांगितलं:
तापलेलं पातेलं, नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
आणि एका फिरकीत काळ्याचं पांढरं.
ती नसली की पितळेत ताक कळकतं.
'कळकतं'ला इंग्रजी सापडेना,
तेव्हा जीभ बाहेर काढून तोंड वाकडं केलं.
अच्छा, ती चव, तो म्हणाला. तरुणपणी
नळीने रेडिएटर ओढलेत मी. ठाऊक आहे.

रविवारी खालची तोटी सोडली.
निळं येईल वाटलं होतं.
आली तपकिरी खळ, गुठळ्यागुठळ्यांची,
बादलीत पडताना आवाजसुद्धा न करणारी.
आधीच्या मालकाने निळ्यावर नारिंगी ओतलं होतं,
आणि विकताना सांगितलं होतं, कधी काही त्रास नाही.
पितळ उघडं पडलं म्हणतात, ते असं.
दोन्ही रसायनं आपापल्या जागी चांगलीच होती.
मिसेस टीसडेलच्या दोन डॉक्टरांच्या
दोन चिठ्ठ्यांसारखी.

हीटरची कळ गरमवर. बागेची नळी वरून.
पहिलं पाणी चहा, दुसरं पाणी फिका चहा,
पाचव्या खेपेला पाणी पाण्यासारखं दिसलं.
त्यानंतर निम्मं निळं, निम्मं डिस्टिल्ड.
नळाचं नाही. इथल्या नळाने माझी किटली
आतून चुन्याची करून टाकली आहे.
वरची नळी दाबत राहिले, अडकलेली हवा
ढेकर देत बाहेर येईपर्यंत.

थोडं सांडलंच.
चवीला गोड असतं म्हणे.
गोड विष आपल्याकडे बोलण्यातलं,
इथे ते फरशीवर, आणि शेजारचा बोका पर्सी
कुंपणावर बसून बघतोय.
गुडघ्यांवर बसून तीनदा फरशी धुतली,
फडकी पिशवीत घालून गाठ मारली,
उगाच आणखी एक गाठ मारली.

मंगळवारी पहाटे उणे सहा.
नेन्टहेडच्या वरच्या शेतांवर औषधं पोचवायची होती.
चढावर हीटर ऊबदार, सुई मध्यावर,
आणि मी रस्त्यापेक्षा सुईकडेच जास्त बघत होते.

येताना विल्फकडे थांबले, उरलेला कॅन ठेवायला.
त्याने मार्कर काढला, कॅनवर तारीख लिहिली,
दोन वर्षांनंतरची.
दोघांनीही तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
मग त्याने विचारलं, तो शब्द काय होता तुझा?
आणि तारखेखाली मोठ्या अक्षरांत लिहिला.
'ह' राहून गेला.
मी काही बोलले नाही.