एकेरी

बेबो नाझिब्रोला एकेचाळीस वर्षं
दरीच्या या काठावरून त्या काठावर गेली
आणि परत आली.
लोखंडी डबा, वर दोन तारा, खाली काळी नदी.
अकरा माणसं, नाहीतर आठ माणसं आणि एक शेळी,
हा हिशेब तिचा. पाटीवर काही वेगळंच लिहिलं होतं.

आमच्याकडे मँगनीज निघायचं.
दोरीवर टाकलेली चादर वाळेपर्यंत राखाडी व्हायची.
खाणीचे लोक डोंगराच्या पोटात कामाला जायचे,
बेबो त्यांना डोंगराच्या तोंडाशी सोडायची.
दार ओढायचं, कडी घालायची, घंटा दोनदा,
आणि मग सहा मिनिटं
ती गावातली सगळ्यात उंच बाई.

एरवी बुटकी होती.
कडीला हात पुरावा म्हणून पायाखाली
द्राक्षांची रिकामी पेटी.

गोड वगैरे नव्हती हं.
डब्यात विडी पेटवली तर खाणीच्या मुकादमालाही
चापट बसायची, टोपी उडेपर्यंत.
साखरेच्या डब्याला कुलूप, किल्ली झग्याच्या आत.
पहाटे चारला मक्याची भाकरी थापताना
चौथ्या मजल्याच्या गॅलरीतल्या तीन कोंबड्यांशी
जेवढं बोलायची
तेवढं आमच्याशी वर्षात नाही.
आजोबांचं विचारलं की म्हणायची,
"होता."

ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज गेली
ती बरोब्बर मध्यावर.
डबा एकदा पुढे झुलला, एकदा मागे,
मग नुसता लटकला.
मी सात वर्षांची, तिच्या झग्याला धरून.
कुणीतरी देवाचं नाव घेतलं, कुणीतरी इंजिनियरच्या आईचं.
बेबोनं अंधारात कुणाच्या तरी मांडीवरची
राजम्याची पिशवी ओढली,
प्रत्येकाच्या ओंजळीत मूठ मूठ ओतली.
"निवडा.
खडा खिशात, दाणा पिशवीत."
नऊ माणसं, दरीवर टांगलेली,
बोटांनी चाचपत राजमा निवडत होती.
दोन तास.
शाळेच्या मेदेआबाई रडत रडत निवडत होत्या.
बेबो पुटपुटली,
"रिकाम्या हाताला खाली दिसतं."

नंतर कुणाकडेच पैसे नव्हते.
तिकिटं छापणारा छापखाना बंद,
पगार बंद, घंटासुद्धा चोरीला गेली.
वीज यायची त्या दिवशी बेबो मात्र कामावर.
ती गेल्यावर पेटीखाली वही सापडली.

आवतांदिल, मीठ, दोन मुठी.
मेदेआ, मेणबत्ती, अर्धी जळलेली.
डॉक्टर, उधार.
डॉक्टर, उधार.
डॉक्टर, वारला.
लेपणासाठी गाढवाची लीद, एक टोपली, माणूस आठवत नाही.
सगळं फेडलं की आडवी रेघ,
डॉक्टरच्या नावावरही रेघ.

आणि एका पानावर, एकटंच:
गोचा, एकेरी.

गोचा म्हणजे माझा बाप.
पलीकडच्या काठावर बंदराची बस उभी असायची.
म्हणजे त्या दिवशीही दार तिनंच ओढलं,
कडी तिनंच घातली,
सहा मिनिटं शेजारी उभी राहिली,
आणि परत येताना डबा रिकामा.
बाप महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवायचा.
ती थुंकी लावून मोजायची,
साखरेच्या डब्यात ठेवायची,
वहीत लिहायची नाही.
त्या नावावर रेघ नाही.
कितीचं तिकीट, तेही नाही.

आता नवा डबा आलाय, सगळी काच.
दार आपलं आपण मिटतं.
बाहेरगावचे लोक फोटो काढतात,
एकाला मी म्हटलं, माझी आजी इथे,
तो म्हणाला, जरा बाजूला होता का.

झाले.
हात वर गेला, कडी जिथे असायची तिथे,
गुळगुळीत काच लागली.
खिसे चाचपले.
मग खाली पाहिलं.
नदी अजून काळीच आहे.