सहावं अंडं

बावीस उन्हाळे मी शिदोरी बांधली
या गाडीसाठी, आणि एकदाही तिच्यात बसले नाही.
एल्गुजा पाहुण्यांना आबानोच्या खिंडीत नेतो,
उजाडता नेतो, दिवेलागणीला आणतो,
पाहुणे उतरतात ते हातपाय चाचपत,
हसत, पांढरे पडलेले.
मी विचारते, कसं होतं वर?
तो बूट काढत म्हणतो, रस्ता होता.

मी खालच्या मुलखातली, द्राक्षांच्या गावची.
मला वर काय काम?

काल एका जर्मन कुटुंबानं आयत्या वेळी नाही कळवलं.
गाडी धुतलेली, डिझेल भरलेलं, पाव भाजलेला.
फुकट कशाला घालवायचं, म्हणाला,
चल, तू बस.

गाडी जपानहून आलेली, म्हातारी,
काचेवर अजून तिकडची अक्षरं,
आमच्याकडे कुणालाच वाचता न आलेली.
मला वाटतं लिहिलं असेल: डोकं बाहेर काढू नये.
मी काढलं.

आधी जंगल, ओलं, उंच,
मग झाडं दमून मागे राहिली.
मग रस्ता म्हणजे डोंगराच्या अंगावर
कुणी घाईत ओढलेला ओरखडा.
पुढ्यात मेंढ्या आल्या, त्यांच्या कुत्र्यानं
आमच्या चाकांना दमात घेतलं.
एका वळणावर समोर ट्रक.
एल्गुजा मागे सरकला, आरशात न बघता,
दोन बोटं स्टीअरिंगवर,
आणि माझ्या खिडकीखाली
नुसती हवा होती.
घरी हाच माणूस वेल बांधायला चढतो
तेव्हा मला खालून शिडी धरायला लावतो.

खिंडीच्या अलीकडे थांबला, न सांगता.
कड्याच्या काठाला काळा दगड,
दगडात कोरलेला चेहरा, मिशीसकट: वाझा.
वाझाचं मला ठाऊक होतं,
त्याच्या चाळिसाव्याला भात मीच रांधला होता.
दगड कुठे आहे ते ठाऊक नव्हतं.
एल्गुजानं शिदोरी सोडली,
एक अंडं दगडावर टिचवलं, सोललं,
तिथेच ठेवलं.
चाचाची बाटली माझ्या हातात दिली:
तू घे. मला गाडी चालवायचीय.

मी मोजणारी बाई आहे.
चार पाहुणे, एक हा. पाच अंडी.
दर वेळी म्हणायचा, सहा टाक.
मी सहा टाकायचे, आणि रात्री भांडी घासताना
त्या सहाव्याला तोंड रंगवायचे:
खिंडीपलीकडे, ओमालोत, कुणी विधवा आहे,
केस काळेभोर, गालावर तीळ,
माझं अंडं खाते, माझ्या नवऱ्याच्या हातून.
पहिली दहा वर्षं तिचा रागराग केला.
मग सवय झाली.
हिवाळ्यात रस्ता बंद असला
की तिचं कसं चालत असेल,
असंही यायचं मनात.

वारा असा की चाचा घशाआधी डोळ्यांत उतरली.
खाली ढग, ढगाच्या भोकातून मघाचा ट्रक,
काडेपेटीएवढा,
पलीकडे बर्फ, त्याच्या पलीकडे आणखी बर्फ.
पाहुणे याचेच पैसे मोजतात.
मी दगडाकडे बघत राहिले.
पिवळ्या चोचीचा एक काळा पक्षी
चार पावलांवर येऊन उभा राहिला,
आम्ही निघायची वाट बघत. जुनी ओळख असावी.

उतरताना ब्रेक तापले, जळका वास सुटला,
ओढ्यापाशी थांबलो, पाय धुतले.
पुन्हा बसताना विचारलं,
त्याला मीठ लागायचं?
एल्गुजा गिअर शोधत राहिला बराच वेळ,
जो हातातच होता.
फार, म्हणाला.

उद्या पोलंडचे तिघे येतायत.
अंडी पाच.
आणि कागदाची एक पुडी,
चिमटीभर मिठाची,
वेगळी, पटकन दिसेल अशी वर ठेवलेली.