दोन ठिपके

डिसेंबरात कुओपिओला तीन वाजताच अंधारतं.
हिल्का त्याआधीच बसलेली असते
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी.
डाव्या हाताला कॉफी,
उजव्या हाताला
मेलेल्या बाईचं पुस्तक.

बाईला जाऊन यंदा सत्तर वर्षं झाली.
कायदा म्हणतो, एक जानेवारीपासून ती सगळ्यांची.
एवढं लांबलचक सुतक कुणी ठरवलं
हिल्काला ठाऊक नाही.
फिटलं की पुस्तक
कुणाच्याही घरी जेवायला मोकळं.

वीटीला ते ग्रंथालयाच्या तळघरात सापडलं,
बॉयलरमागच्या कपाटात.
पानं कापलेलीच नव्हती.
पहिली सोळा कुणीतरी बोटानं फाडली होती, घाईघाईत,
मग त्याला कंटाळा आला असावा, किंवा युद्ध.
पुढची दोनशे बंद पाकिटांसारखी.
हिल्कानं ती मासे साफ करायच्या सुरीनं उघडली.
पुस्तकाला अजून थोडा तळ्याचा वास येतो.
वीटीला तिनं हे सांगितलेलं नाही.

चौतीस वर्षं तिनं लोकांच्या कवळ्या घडवल्या.
केसाएवढी फट तिला दिसते.
यंत्राला दिसत नाहीत
अक्षरावरचे दोन ठिपके.
ठिपके असले तर तिच्या भाषेत किरण,
नसले तर पाऊस.
मळक्या कागदावर यंत्राला
पानोपानी पाऊसच लागतो,
आणि हिल्का एकेक ठिपका देत
तो उघडवत जाते.

चाळिसाव्या पानावर स्टेशनमास्तरची बायको म्हणते,
मी त्याला पाहिलं.
यंत्र वाचतं,
मी त्याच्याशी लग्न केलं.
हिल्का एकटीच मोठ्यानं हसते.
मग कॉफी ढवळते, साखर न घालता.
तिनंही एकाला पाहिलं होतं,
लाकडं ओढणाऱ्या बोटीवर, शिट्टी वाजवताना.
ठिपके मात्र
जागच्या जागी राहिले.

बाई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची.
दोन पुस्तकं लिहिली, हे दुसरं.
तेव्हाच्या वर्तमानपत्रात एक ओळ आली होती:
नीटनेटकं, बायकी.
एवढ्यावर सत्तर वर्षं भागली.

आणि इकडे बाहत्तराव्या पानावर,
रेशनच्या दिवसांत, ती लिहून गेलेली:
साखर मोजताना माणूस खोटं बोलत नाही,
फक्त चमचा बदलतो.
हिल्का हे फ्रिजला वाचून दाखवते.
पुन्हा एकदा, सावकाश.
मग खुर्चीवरून उठून
उगाचच खिडकीपाशी जाऊन येते.

नियम असा, की यंत्राची चूक काढायची,
बाईची ठेवायची.
स्टेशनमास्तरचा कोट
तिसाव्या पानावर तपकिरी,
एकशेबाराव्या पानावर करडा.
हिल्का तिथे तीन दिवस अडली.
वीटीला फोन केला. तो म्हणाला, राहू दे.
तिनं राहू दिला.
बावीस वर्षांचा संसार मध्ये,
कोट विटणारच.

एकतीसच्या रात्री सगळी इमारत खाली अंगणात,
फटाके, शेजाऱ्यांचा कुत्रा पलंगाखाली.
बाराला दोन मिनिटं असताना
हिल्काला वाटलं, अजून एकदा वाचावं,
तेवढ्यात बारा वाजून गेले.
तिनं पुस्तक जगाकडे सोडून दिलं.
काहीच झालं नाही.
कुत्रा बाहेर आला.

सकाळपर्यंत सात जणांनी नेलं होतं.
एक ओउलूचा, एक कुणी चिलीतला,
तो बहुधा चुकून.
सातात एक आपण स्वतःच, हे तिला मागाहून आठवलं.
तरी सहा.
सहा म्हणजे तिच्या टेबलाभोवती मावतात तेवढेच,
एकाला स्टूल द्यावं लागेल.

दुपारी वीटीचा फोन.
पुढच्या वर्षी एक पाद्री सुटतोय, म्हणाला,
सातशे पानांचा,
मधमाश्या आणि नरक यांवर.
कापलेला?
छे, एकही पान नाही.

हिल्का ओट्याच्या कडेचा दगड ओला करते
आणि सुरीला धार लावायला घेते.