पहिलं ताट

सात तास चढून नेलिदा उएंचुमिल पोचली
ज्वालामुखीच्या खांद्यावरच्या पत्र्याच्या खोपटात.
खिशात पेनड्राइव्ह, रुमालात बांधलेला.
आत एकच फाइल: नव्या कंपनमापकाचा ड्रायव्हर,
चाळीस किलोबाइट.
खेचराला त्याचं ओझं कळलंही नसेल.

संगणक जागाच होता,
बॅटरीवर, लोकरीच्या चिंधीत गुंडाळलेला.
तिनं हातमोजे दातांनी ओढून काढले,
हुकूम टंकला.
परवानगी नाही.
पुन्हा टंकला, रूट म्हणून, घरधन्याच्या अधिकारात.
परवानगी नाही.

दाराशी एलेउतेरिओ खेचराचा तंग सैल करत होता.
"ओळखत नाही का तुला?"
"ओळखतो की. ओळखून नाही म्हणतो."

दोन हिवाळ्यांपूर्वी, खाली तेमुकोत,
लाकडाच्या शेगडीशी पाय शेकत
तिनंच लिहिला होता हा नियम:
जागं होताना कर्नलनं पहिला घास
ज्या ताटातून उचलला
त्याच ताटातलं खायचं, पुन्हा निजेपर्यंत.
दुसऱ्या ताटात पंचपक्वान्नं असोत, शिवायचं नाही.
कोण वाढतंय ते बघायचं नाही.
मी वाढत असले तरी.

कारण त्याआधी कुणीतरी इथं काहीतरी खुपसून गेलं होतं
आणि अकरा दिवस स्टेशन
एकच सपाट रेघ खाली पाठवत राहिलं.
डोंगर तेव्हा सपाट नव्हता.

(आणि पहिलंच ताट कुणी बदललं तर?
हा प्रश्न तिनं तेव्हा वहीच्या कडेला लिहिला होता.
तो अजून तिथंच आहे.)

तिला राग आला. मग रागाखालून
काहीतरी वेगळं वर आलं,
भर बाजारात लेकरानं आईलाही दार उघडू नये,
आणि तसं आईनंच बजावलेलं असावं.

आता खाली जायचं. नवी प्रतिमा बांधायची,
सही करायची, अख्खी डिस्क घेऊन परत चढायचं.
पाऊलवाट बर्फानं बुजली नाही तर गुरुवारी.

नव्या मापकाचा हिरवा दिवा मात्र लागला होता.
तो मोजत होता.
मोजलेलं विचारायला कुणी नव्हतं.

"नियम काढून टाक ना," एलेउतेरिओ म्हणाला.
"इथून काढता येत नाही."
"असा कसा लिहिलास?"
"असाच लिहायचा असतो."
तो हसला नाही. त्यानं तंग आवळला.

उतरताना वरून एक दगड आपसूक घरंगळला.
दोघं थांबले.
खेचर त्यांच्याआधीच थांबलं होतं.