दहा युनिट

माजुरोच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो
आणि दोन्हीकडून समुद्र एकदम अंगावर येतो,
तिथे हेमलीचं पत्र्याचं घर.
फ्रीज आहे. पण मीटरचं कार्ड संपलंय,
आणि पगार शुक्रवारी.
म्हणून इन्शुलिनचं पेन निळ्या पेटीत, माशांशेजारी,
बर्फाला थेट लागू नये म्हणून
नातवाच्या मोज्यात घातलेलं.
हे काही मी शिकवलं नव्हतं.

माझ्या हातात कागद.
तीन महिन्यांची साखर अकराच्या वर.
वाईट कोलेस्टेरॉल एकशे ब्याऐंशी,
चांगलं जेमतेम एकोणतीस.
वडील याच दुखण्यानं गेले?
हो.
आई?
हो.
भाऊ?
तो बाहेर बसलाय, एका पायावर जाळं विणत.

"सुई लागली," हेमली म्हणतो,
"आणि वर्षाच्या आत त्याचा पाय गेला."
पाय सुईनं नाही नेला, हेमली. उशिरानं नेला.
हे वाक्य मी या बेटावर इतक्या घरांत बोललेय
की आता ते मलाच ऐकू येत नाही.

तीस वर्षं बोटीवर काढलेला माणूस,
तळव्यात रुतलेला गळ
स्वतःच्या दातांनी उपटून काढलेला,
तांदळाच्या दाण्याहून आखूड सुई बघतो
आणि तोंड फिरवतो.

पेन फिरवलं. टिक, टिक, दहा वेळा.
पोटाची चिमूट धर. टोच. आता दहापर्यंत मोज.
उद्या दोन बोटं सरकून.
ही गोळी रात्री, विसरायची नाही.
आणि भात?
नेइबोन कोपऱ्यातल्या पोत्याकडे बघते,
वर रचलेल्या मांसाच्या डब्यांकडे.
परसातला नीरफणस गेल्या भरतीत खारट पाण्यानं वाळला.
मी कागदावर "आहार" लिहिते
आणि पुढे काही लिहीत नाही.

"बोट दे," हेमली म्हणतो.
मला वाटतं, चेष्टा करतोय.
"तुझं वय किती? तुझी आई कशानं गेली?"
पट्टी त्यानं आधीच यंत्रात सरकवलेली,
माझ्याकडे बघून शिकलेला.

बारा वर्षं मी दुसऱ्यांची बोटं टोचतेय.

थेंब वर येतो.
यंत्र पाच सेकंद मोजतं.
बाहेर जाळं विणणारा हात थांबलाय.